जुन्या मेजाची परीक्षा

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपल्या तोंडीं फार आहे; परंतु सोनें घेतांना सोनारहि तें घांसून, कापून, तापवून व ठोकून पाहतो, ही गोष्ट ती म्हण उच्चारणारे बहुधा विसरतात. शंभर वर्षांपूर्वींचें एखादें मेज आपल्या घरीं असावें अशी हौस हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत दिसूं लागली आहे. हौस वाईट नव्हे. पण बाजारांत जुनें म्हणून जें विकलें जातें तें सर्वच जुनें नसतें, आणि जुनें असतें तें सर्वच घेण्याजोगें नसतें. मेज कांहीं कापून वा तापवून पाहतां येत नाहीं. यास्तव त्याच्या चार निराळ्या कसोट्या आम्ही येथें सांगतों: पाहणें, मोजणें, हालविणें आणि विचारणें.

पाहावयाचें तें वरून नव्हे, खालून. वरची फळी दुकानदार हवी तशी चकचकीत करूं शकतो. खालच्या बाजूस पॉलिश करण्याची जुन्या कारागिरास गरज वाटत नसे. तेथील उघडें लांकूड हवेनें काळवंडतें आणि चौकटीखालीं झांकलेलें फिकट राहतें. खालूनहि सर्वत्र एकाच गडद रंगाचा हात फिरलेला दिसला, तर तो रंग काळानें नव्हे, कुंचल्यानें दिला आहे असें समजावें. निष्कारण पडलेलीं स्क्रूचीं भोकें आढळलीं, तर फळी एका मेजाची व पाय दुसऱ्या मेजाचे असण्याचा संभव असतो. खण पूर्ण ओढून काढावा. कोपऱ्यावरील दांते हातानें कापलेले असल्यास थोडे लहानमोठे असतात. यंत्राचे अगदीं एकसारखे. चौफुलीसारखी खाच असलेले स्क्रू १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आले. ते मूळच्या सांध्यांत आढळल्यास मेज १८५० चें आहे हें कोणीं सांगूं नये.

खरी झीज कशी असते, हें आम्हांस शाळेंतील टेबलांनीं शिकविलें. मास्तरांचे पाय ज्या आडव्या दांडीवर टेकत ती मध्यभागींच झिजलेली असे. खणाची कड जेथें हात लागे तेथेंच गुळगुळीत होई. माणसाचा हात जेथें पोंचत नाहीं तेथेंहि झीज दिसली, तर ती मुद्दाम केलेली जाणावी. भिरुडाच्या भोकांविषयींहि असेंच. किडा लांकडाच्या आंत पोखरतो व बाहेर पडतांना वाटोळें बारीक भोंक पाडतो. पृष्ठभागावर उघडी पडलेली लांब नागमोडी वाट दिसली, तर तें जुनें लांकूड मागाहून कापून नवें मेज केलें आहे. भोकांखालीं ताजा भुगा पडत असेल, तर किडा अजून आंत नांदत आहे. असलें मेज घरांत आणूं नये.

एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत कोरीव शिसवी सामानाचा मोठा धंदा होता. त्याच्या नकला हलक्या लांकडास काळा रंग देऊन करितात. शिसवी जड असते. एक कोपरा उचलतांच पुष्कळसा उलगडा होतो.

मोजण्याची पट्टी खिशांत असावी. लांकूड वाळतांना रेषांच्या आडव्या दिशेनें अधिक आकसतें. त्यामुळें खरोखर जुनें वाटोळें मेज दोन दिशांनीं मोजल्यास व्यासांत थोडा फरक निघतो. जेवणाच्या मेजाशीं माणशीं दोन फूट जागा धरावी, व खुर्ची मागें सरकविण्यास भिंतीपर्यंत तीन फूट सोडावे. आपला जिना, दार व लिफ्ट हींहि आधींच मोजावीं. मेज फाटकाशीं येऊन थांबलें म्हणजे उपयोग नाहीं.

नंतर दोन्ही हातांनीं कोपरा धरून मेज तिरपें हालवावें. सरसानें जोडलेला सांधा ढिला झाला असेल, तर चांगला सुतार तो उकलून पुन्हां बसवूं शकतो. खिळे ठोकून ‘पक्का’ केलेला सांधा मात्र बहुधा लांकूड फोडून ठेवतो. जुन्या मेजाची दुरुस्ती होणें हा दोष नव्हे. ती लपविणें हा दोष होय.

म्हणून शेवटीं विचारावें. मुंबईच्या चोरबाजारांतील मटन स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरीजवळ ओशिवऱ्यास पडक्या इमारतींच्या सागवानापासून केलेलें नवें सामानहि मिळतें. तें टिकाऊ असतें आणि तसें सांगून विकल्यास त्यांत फसवणूक नाहीं. लांकूड कोणतें, वय अदमासें किती, काय बदललें, हें पावतीवर लिहून मागावें. जो तोंडानें सांगतो पण लिहून देण्यास कचरतो, त्यास नमस्कार करून पुढें जावें.

घरीं आणल्यावर जुनें पॉलिश खरवडूं नये. तें बहुधा स्पिरिटांत विरघळविलेल्या लाखेचें असतें. गरम भांड्यानें त्यावर पांढरा डाग पडतो, याकरितां मेजावर जाड कापड घालावें.

एवढें सांगून, मुख्य गोष्ट गृहस्थांच्या व गृहिणींच्या कानीं घालतों. वाडे पाडून इमारती उठत आहेत. आजोबांचें हिशेबाचें उतरतें डेस्क, आजीचें औषधांचें मेज, हीं ‘अडगळ’ म्हणून भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात. आणि त्याच घरचा नातू पुढें दुसऱ्याच्या आजोबांचें मेज दामदुपटीनें विकत आणतो. परदेशीं गेलेल्या मुलांकडे तें पुढें पाठवूं, या भरंवशावर कोणीं राहूं नये. १९७२ च्या पुरावशेषांविषयींच्या कायद्यान्वयें शंभर वर्षांवरील कारागिरीची वस्तु पुरावशेष ठरूं शकते, व तशी वस्तु खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेतां येत नाहीं. तेव्हां बाजारांत जाण्यापूर्वीं आपल्याच माळ्यावर दिवा घेऊन एकदां चढावें. तेथील मेजाचें वय दुकानदारास विचारावें लागत नाहीं. तें घरांतील वडील माणसास ठाऊक असतें, आणि तें विचारून ठेवण्यास उशीर करूं नये.