छोटूची झोप आणि माझ्या कार्टमधल्या गमीज

आजचा भाग ऐकण्याऐवजी वाचताय, म्हणजे इअरफोन घरी राहिलाय किंवा लेक्चर चालू आहे. चालेल.

मी राहतो नाशिकला, द्वारकाजवळ. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे, दोन्ही महामार्ग इथे भेटतात. रात्री एकलाही ट्रकचे हॉर्न चालू. पण गेल्या वर्षी आम्ही जागे असायचो ते हॉर्नमुळे नाही. माझा नऊ वर्षांचा धाकटा भाऊ, आपण त्याला छोटू म्हणू, त्याला एडीएचडी आहे. त्याला झोपच यायची नाही. सकाळी डबा करताना आई उभ्या उभ्या पेंगायची.

मग मी हुशारी केली. मोबाईल काढला आणि मेलाटोनिनच्या गमीज कार्टमध्ये टाकल्या. नशीब, पैसे भरायच्या आधी डॉक्टरांची तारीख आली.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी किती वाजता देता?"

आई म्हणाली, "दुपारची शाळेत राहून जाते हो. मग घरी आला की सहाला देते."

तिथेच घोळ होता. छोटूला मेथिलफेनिडेट आहे. लक्ष लागावं म्हणून दिलं जाणारं हे औषध मेंदूला जागं ठेवतं. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. म्हणजे सहाला गोळी आणि साडेनऊला "झोप रे आता"! डॉक्टरांनी छोटूपुरतं सांगितलं: दुपारची चुकली तर त्या दिवशी सोडून द्या. आणि दोन आठवडे वहीत लिहा, किती वाजता आडवा झाला, कधी झोपला, कधी उठला.

एडीएचडी, स्वमग्नता, चिंता, नैराश्य, या सगळ्यांत झोप बिघडते. पण कारण प्रत्येकाचं वेगळं. कधी औषधाची वेळ, कधी मनातली भीती, कधी लोह कमी असल्यामुळे पायांची अस्वस्थता, कधी घोरणं. म्हणून आधी कारण शोधायचं, ठरलेली वेळ पाळायची, झोपण्याआधी स्क्रीन बंद. औषध त्यानंतर.

आता गमीजबद्दल. मेलाटोनिन हे अंधार पडला की शरीरात आपोआप वाढणारं हार्मोन आहे. "आता रात्र झाली" एवढाच निरोप ते देतं. स्वमग्न मुलांना त्याचा उपयोग होतो. युरोपात 2018 मध्ये खास अशा मुलांसाठी मेलाटोनिनच्या गोळीला मंजुरी मिळाली. पण 2023 मध्ये अमेरिकेत 25 गमीज तपासल्या, तेव्हा 22 मध्ये लेबलवरचं प्रमाण चुकीचं निघालं. एकीत तर लिहिलेल्याच्या साडेतीन पट! डोस आणि वेळ डॉक्टरांनीच ठरवायची ती यासाठी.

काही मुलांना डॉक्टर क्लोनिडिन देतात. ते मुळात रक्तदाबाचं औषध. मनाने अचानक बंद केलं तर रक्तदाब एकदम चढू शकतो. आणि घरोघरी चालणारा उपाय, म्हणजे सर्दीचं सिरप? त्याने गुंगी येते, पण काही मुलं उलट जास्तच चेकाळतात. आजीच्या झोपेच्या गोळीचा अर्धा तुकडा तर अजिबात नाही.

म्हणजे औषध वाईट का? नाही. आठवडेच्या आठवडे झोप नसेल तर मूल आणि घर दोन्ही कोलमडतात, तेव्हा औषधाने आधार मिळतो. फक्त ते कशासाठी, किती, किती वाजता आणि कधी थांबवायचं, हे चारही प्रश्न डॉक्टरांना विचारा. तज्ज्ञ जवळ नसेल तर टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

छोटू आता दहाच्या आसपास झोपतो. कधी अकरा होतात. वही अजून चालू आहे, आणि ती भरायचं काम माझ्याकडे आहे. तुमच्या घरात असा छोटू असेल, तर आज कार्ट नाही, वही उघडा.

भेटू पुढच्या भागात!