ऑनलाइन फुटबॉल प्रतिरूप-खेळातील संघव्यवस्थापन : ‘हॅटट्रिक’च्या संदर्भात चढउतारांचा विचार

बीजसंज्ञा : प्रतिरूप-खेळ, संघव्यवस्थापन, यदृच्छा, मध्यमानाकडे परतणे, संघभावना, पदावनती

प्रस्तावना

संगणकावरील खेळ हा विषय महाविद्यालयीन परिसरात निघतो तो बहुधा तक्रारीच्या स्वरूपात. विद्यार्थ्यांचा वेळ त्यात जातो ही तक्रार खोटी नाही. परंतु सर्वच खेळ बोटांच्या चपळाईवर आधारलेले नसतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. फुटबॉल-व्यवस्थापनाचे खेळ हा त्यातील एक वेगळा वर्ग आहे. इंग्लंडमध्ये केव्हिन टॉम्स यांनी १९८२ मध्ये ‘फुटबॉल मॅनेजर’ हा खेळ तयार केला आणि १९९२ मध्ये पॉल व ऑलिव्हर कॉलियर या बंधूंचा ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ आला. या खेळांत वापरकर्ता चेंडूला लाथ मारत नाही. तो खेळाडू निवडतो, विकत घेतो, विकतो, त्यांचे प्रशिक्षण ठरवितो आणि निकालाची वाट पाहतो. स्वीडनमध्ये ब्यॉर्न होल्मेर यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅटट्रिक’ने हीच कल्पना आंतरजालावर आणली. तेथे प्रतिस्पर्धी संघाच्या मागेही दुसरा माणूसच असतो. भारतासह अनेक देशांच्या स्वतंत्र लीग या खेळात आहेत.

एखादा संघ सलग काही हंगाम वर चढतो, नंतर घसरतो, पुन्हा सावरतो. या चढउतारांपैकी कोणते व्यवस्थापकाच्या निर्णयांचे फळ असतात, कोणते निव्वळ यदृच्छेचे असतात, आणि हा भेद न ओळखल्यास कोणती हानी होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाची रचना आणि त्यातील काळ

प्रत्येक देशाची लीग पिरॅमिडच्या आकाराची आहे. सर्वांत वर एक गट, त्याखाली चार, त्याखाली सोळा, त्याखाली चौसष्ट अशी ही मांडणी असते. प्रत्येक गटात आठ संघ असतात आणि ते एकमेकांशी घरच्या व परक्या मैदानावर प्रत्येकी एकदा खेळतात. म्हणजे प्रत्येक संघाचे लीगमध्ये १४ सामने होतात. तळाचे दोन संघ थेट खालच्या श्रेणीत जातात. पाचव्या व सहाव्या क्रमांकाच्या संघांना खालच्या श्रेणीतील गटविजेत्यांशी पात्रता सामना खेळून आपली जागा राखावी लागते. हंगाम १६ आठवड्यांचा असतो आणि हे आठवडे खरेखुरे असतात. आठवड्याला लीगचा एक सामना आणि आठवड्याच्या मध्यास चषकाचा किंवा मैत्रीपूर्ण सामना, असा क्रम चालतो.

खेळाडूचे एक वर्ष म्हणजे एक हंगाम, अर्थात ११२ दिवस. १७ व्या वर्षी संघात आलेला मुलगा ३० वर्षांचा होईपर्यंत १३ हंगाम, म्हणजे २०८ आठवडे जातात. वापरकर्त्याच्या आयुष्यातील ही चार वर्षे होत. महाविद्यालयात प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याने त्याच सुमारास एक तरुण मध्यरक्षक घेतला, तर तो विद्यार्थी पदवीधर होऊन बाहेर पडेल तेव्हा मध्यरक्षक अजून तिशीच्या आतच असेल. इतका संथ खेळ तरुणांना धरून ठेवतो ही वस्तुस्थिती तरुणांच्या चंचलतेविषयीच्या रूढ समजुतीशी फारशी जुळत नाही.

सामना कसा ठरतो

सामन्याचा निकाल संगणक ठरवितो. परंतु तो आंधळेपणाने नव्हे. खेळाडूंचे गोलरक्षण, बचाव, खेळाची रचना, बगलेवरील खेळ, पास, गोल करण्याची क्षमता आणि स्थिर चेंडू असे सात प्रमुख गुण असतात. मूळ मांडणीत ते आकड्यांत न देता शब्दांत दिले होते. अगदी ‘अस्तित्वात नसलेला’पासून ‘दैवी’पर्यंत. या गुणांवरून, आणि खेळाडूचा फॉर्म, दमसास व अनुभव यांवरून मध्यफळी, तीन बाजूंचा बचाव व तीन बाजूंचे आक्रमण यांची मूल्ये निघतात. ज्याची मध्यफळी सरस त्याच्याकडे चेंडूचा ताबा जास्त आणि गोलाच्या संधीही जास्त. संधी मिळाल्यावर त्या बाजूचे आक्रमण आणि प्रतिस्पर्ध्याचा त्या बाजूचा बचाव यांची तुलना होते व गोल होणार की नाही हे ठरते.

येथे ‘ठरते’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. प्रत्येक टप्प्यावर मूल्ये शक्यता ठरवितात, निकाल नव्हे. एका सामन्यात संधी मोजक्याच येतात. त्यामुळे सरस संघ एखादा सामना हरतो यात यंत्राचा दोष नसतो. कमी गोलांचा खेळ असल्यामुळे प्रत्यक्ष फुटबॉलमध्येही हेच घडते.

यदृच्छेचे मोजमाप

हा मुद्दा थोड्या गणिताने स्पष्ट होतो. बरोबरीचे सामने बाजूला ठेवू आणि एखादा संघ गटातील इतर संघांच्या अगदी तोडीचा आहे, म्हणजे प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता निम्मी आहे, असे मानू. १४ सामन्यांत त्याचे अपेक्षित विजय सात. परंतु द्विपद वितरणानुसार पाच ते नऊ या मर्यादेत विजय मिळण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के आहे. चार किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यता सुमारे ९ टक्के आणि दहा किंवा अधिक विजय मिळण्याची शक्यताही तितकीच. म्हणजे संघात काहीही न बदलता सरासरीने अकरा हंगामांतून एकदा तो तळाशी जाऊ शकतो आणि एकदा विजेतेपदाच्या जवळ पोहोचू शकतो.

चार विजयांच्या हंगामानंतर व्यवस्थापक काय करतो, यात या विषयाचे खरे मर्म आहे. बहुधा तो प्रशिक्षक बदलतो, दोन खेळाडू घाईने विकतो, रचना बदलतो. पुढील हंगामात सहा-सात विजय मिळतात आणि उपाय लागू पडल्याचा त्याला विश्वास वाटतो. वास्तविक तोडीच्या संघाची पुढील अपेक्षा सातच होती. काही न करताही बहुधा तेवढेच मिळाले असते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील व मुले यांच्या उंचीच्या अभ्यासात दाखविलेले मध्यमानाकडे परतणे ते हेच. डॅनियल कानेमन यांनी इस्रायली वायुदलातील प्रशिक्षकांविषयी लिहिले आहे, की उत्तम उड्डाणाची स्तुती केली तर पुढचे उड्डाण बिघडते आणि वाईट उड्डाणावर ओरडले तर पुढचे सुधारते, अशी त्यांची पक्की समजूत होती. दोन्ही वेळा उड्डाणे केवळ आपल्या सरासरीकडे येत होती. एखाद्या वर्षी वर्गाचा निकाल घसरल्यावर पुढील वर्षीच्या सुधारणेचे श्रेय कशाला द्यावे, हा प्रश्न अध्यापकांनाही अपरिचित नाही.

प्रत्यक्ष फुटबॉलमध्येही याची तपासणी झाली आहे. बास टेर वेल यांनी १९८६ ते २००४ या काळातील डच लीगचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. प्रशिक्षकाला काढून टाकल्यानंतर कामगिरी सुधारते हे खरे. परंतु तशीच घसरण होऊनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही त्या संघांची कामगिरीही तशीच सुधारते, असे त्यात आढळले.

प्रशिक्षण, पगार आणि संयमाची किंमत

मग व्यवस्थापकाच्या हाती काय उरते? बरेच उरते, पण ते एका सामन्यात दिसत नाही. संघासाठी आठवड्याला एकाच मुख्य गुणाचे प्रशिक्षण निवडता येते. मध्यफळीतील ‘खेळाची रचना’ हा गुण निवडला, तर मधले मध्यरक्षक म्हणून खेळलेल्यांना पूर्ण व बगलेवरील खेळाडूंना निम्मे प्रशिक्षण मिळते. एका सामन्यात जास्तीत जास्त तीन मधले मध्यरक्षक खेळविता येतात आणि आठवड्यात दोन सामने असतात. म्हणून पूर्ण प्रशिक्षण घेणारे सहा. या सहांपैकी तिघांना लीगच्या सामन्यात उतरवावे लागते, मग ते अजून कच्चे असोत वा नसोत. आजचा विजय आणि दोन हंगामांनंतरचा संघ यांच्यातील तणाव दर आठवड्याला संघयादी भरताना असा समोर येतो.

वय वाढेल तशी प्रगती मंदावते. गुण उंचावेल तशीही ती मंदावते. पगार मात्र गुणाच्या प्रमाणापेक्षा अधिक वेगाने चढतो आणि मायदेशाबाहेर खेळणाऱ्या खेळाडूला २० टक्के जास्त द्यावा लागतो. घरच्या लीग सामन्यांचे तिकीट-उत्पन्न यजमानाला मिळते, पण असे सामने हंगामात केवळ सात. पगार सोळाही आठवडे जातो. घाईघाईने वर चढलेल्या संघांची पडझड बहुधा मैदानावर सुरू होत नाही. ती या हिशेबात सुरू होते. कर्ज ठरावीक मर्यादेपलीकडे गेले आणि मुदतीत फेडले नाही, तर संघच हातातून जातो.

खेळाडूंचा बाजार लिलावाचा आहे. विक्रीस काढलेला खेळाडू तीन दिवस यादीत राहतो आणि शेवटच्या तीन मिनिटांत बोली आली तर मुदत तीन मिनिटांनी वाढते. समोर बोली लावणारी माणसेच असल्यामुळे पराभवानंतरची घाई येथे लगेच महाग पडते. दोन सामने हरलेला व्यवस्थापक रात्री उशिरापर्यंत बोली चढवीत बसतो आणि ज्याची गरज नव्हती असा तिशीतील बचावपटू घेऊन झोपतो. हा खेळाडू त्या हंगामात थोडाफार उपयोगी पडतो. पुढील हंगामात त्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

संघभावना : साठविता येणारी आणि उधळता येणारी

या खेळातील सर्वांत कल्पक घटक संघभावना हा मानावा लागेल. ती मध्यफळीचे बळ वाढविते किंवा घटविते. सामन्यापूर्वी व्यवस्थापक तीनपैकी एक वृत्ती निवडतो : नेहमीप्रमाणे खेळणे, सामना हलक्याने घेणे, किंवा हंगामातील सर्वांत महत्त्वाचा सामना म्हणून खेळणे. हलक्याने घेतल्यास त्या दिवशी मध्यफळी दुबळी पडते, पण संघभावना वाढते. सर्वस्व पणाला लावल्यास त्या दिवशी बळ मिळते आणि नंतर संघभावना जवळजवळ निम्म्यावर येते. कोणतीही टोकाची अवस्था टिकत नाही. दिवसागणिक ती मधल्या पातळीकडे सरकत राहते. त्यामुळे फार आधी साठविलेले बळ वाया जाते आणि उधळलेले परत येण्यास आठवडे लागतात.

याशेजारी आत्मविश्वास हा वेगळा घटक आहे. तो आक्रमणाला बळ देतो. विजयांच्या मालिकेनंतर मात्र दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला कमी लेखण्याचा धोका संभवतो. चाहत्यांची मनःस्थिती तिसरी. अपेक्षाभंग झाला की प्रेक्षक आणि प्रायोजकांचे पैसे दोन्ही घटतात. पदावनतीचा फटका म्हणूनच पुढील कित्येक आठवडे जाणवतो.

हंगामाचा शेवट : एक काल्पनिक उदाहरण

चौथ्या श्रेणीत नव्याने चढलेला एक संघ घेऊ. तेरा सामन्यांनंतर तो सहाव्या क्रमांकावर आहे. चौथा संघ दोन गुणांनी पुढे आणि सातवा तीन गुणांनी मागे आहे. गोलफरकात सातव्यापेक्षा हा संघ बराच वरचढ आहे. शेवटचा सामना घरच्या मैदानावर आहे. त्यात सर्वस्व पणाला लावावे काय?

येथे भावनेचे उत्तर ‘होय’ असेच येते. परंतु चौथे स्थान मिळण्यासाठी स्वतः जिंकणे पुरेसे नाही. वरच्या दोन्ही संघांचे निकालही अनुकूल लागले पाहिजेत. ते न लागल्यास पंधराव्या आठवड्यात पात्रता सामना अटळ आहे आणि तेथे निम्म्यावर आलेली संघभावना घेऊन उतरावे लागेल. समोर असेल खालच्या श्रेणीतील गटविजेता. विजयांमुळे आत्मविश्वासाने भरलेला आणि कदाचित गेले दोन सामने हलक्याने घेतलेला. दुसऱ्या बाजूस, सातव्या संघाकडून गाठले जाण्याचा धोका गोलफरकामुळे लहान आहे. म्हणून चौदावा सामना नेहमीप्रमाणे खेळून बळ राखणे, आणि तो हरला तरी विचलित न होणे, हा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो. हाच संघ सातव्या क्रमांकावर असता तर हिशेब उलटा झाला असता. त्याच्यासाठी पंधरावा आठवडा नसताच, आणि मग राखून ठेवण्यासारखे काही उरले नसते.

हा निर्णय सामन्यापूर्वी नोंदवावा लागतो. शिट्टी वाजल्यानंतर आधी देऊन ठेवलेल्या बदली खेळाडूंच्या सूचना तेवढ्या अमलात येतात. व्यवस्थापकाला पडद्यावर उमटणारे धावते वर्णन वाचत बसण्याखेरीज काम नसते.