बांधावरची मोरवेल, पोरांच्या गॅलरीत

आपली कितीतरी पोरं पोटापाण्यासाठी नवी मुंबईत राहतात. कुणी वाशीच्या मार्केटात माथाडी, कुणी नोकरीत. गॅलरीत वेल लावायची झाली तर परदेशी क्लेमॅटिसवर पैसे घालू नका. मोठ्या फुलांच्या त्या जातींना चांगली थंडी लागते, खाडीकाठच्या उकाड्यात त्या तग धरत नाहीत. त्यांचीच बहीण आपल्या सह्याद्रीत आहे: मोरवेल. कुठे तिला रानजाई म्हणतात. पावसाळा सरला की पांढऱ्या फुलांनी झाकून जाते, मागून पिसासारख्या शेपटीचे बी धरते.

रानातली वेल उपटू नका, पिकले बी तेवढे आणा. उगवायला वेळ लागतो, धीर धरा. पाणी साचले तर उसासारखीच मुळी कुजते, म्हणून कुंडीला निचरा हवा. बुडाला सावली, शेंड्याला ऊन द्या. वेल पानाच्या देठाने आधाराला वेढा घालते, तेव्हा जाड बांबूपेक्षा सुतळी बरी. बी उडून गेले की गुडघाभर ठेवून छाटा. खोडव्यागत नवे फुटवे येतील.

छाटताना मात्र हातमोजे घाला. ओल्या वेलीचा रस लागला तर अंगावर फोड येतात. छाटलेला पाला लेकरांच्या हाती किंवा जनावरांपुढे जाऊ देऊ नका.