गुलाबाचे रोग व त्यावरील उपाय

गुलाबाला फुलांचा राजा म्हणतात. पण आपल्या कोकणात पावसाळ्यात या राजाची अगदी दैना होते. नवरात्रापर्यंत नुसत्या काटेरी काड्या उरतात. मग घरची माणसे म्हणतात, "मेलं ते, उपटून टाका." पण मित्रांनो, पाने गळली म्हणजे झाड मेलेच असे नाही. काडीची साल नखाने थोडी खरवडून बघा. आत हिरवे दिसले तर काडी जिवंत आहे. मग झाड वाचवता येते. त्यासाठी आधी रोग ओळखता आला पाहिजे.

१. काळे ठिपके : हा पावसाळ्यातला रोग. पानावर काळे गोल ठिपके पडतात. त्यांची कड झालरीसारखी असते. पान पिवळे होते आणि गळते. हा रोग बुरशीमुळे होतो. पान सात तास तरी सतत ओले राहिले की ही बुरशी पानावर रुजते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो सगळा एका जागी साठला तर त्याची उंची दोन माणसे एकावर एक उभी राहतील जवळजवळ एवढी होईल! मग आपल्याकडे पान सुकणार कधी? पुणे जिल्ह्यात मावळ तालुक्यात शेतकरी प्लास्टिकच्या पॉलिहाउसमध्ये गुलाब लावतात. तिथे पानावर पाऊस पडत नाही. आपण कुंडी पडवीच्या कडेला, पागोळ्या लागणार नाहीत पण ऊन मिळेल अशी ठेवावी. गळलेली पाने रोजच्या रोज गोळा करून जाळावी. ती झाडाखाली राहिली तर पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर रोग परत वर जातो.

२. भुरी : ही थंडीत येते. कोवळ्या पानांवर आणि कळ्यांवर पीठ भुरभुरल्यासारखे दिसते. पाने आकसतात, कळी नीट उमलत नाही. आंब्याच्या मोहोरालासुद्धा भुरी लागते, पण ती बुरशी वेगळी. म्हणून आंब्याची भुरी गुलाबाला लागेल अशी भीती नको. दोन्हींवर गंधक चालते. मात्र कडक उन्हात गंधक मारले तर पाने करपतात.

३. शेंडेमर : फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत येते. वाळलेल्या भागाच्या खाली चार बोटे हिरव्या भागात तिरका काप द्यावा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. ती मोरचूद आणि चुना यांची करतात. एक लिटर पाण्याला दोन्ही शंभर शंभर ग्रॅम घ्यावे. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे नको. तयार मिश्रणात विळ्याचे टोक बुडवावे. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजावे. आपल्याकडे आगरात सुपारीला कोळेरोग होऊ नये म्हणून पावसाआधी मारतात तेच हे औषध, फक्त तिथे ते खूप पातळ असते.

या औषधाची गोष्ट गमतीची आहे. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ रस्त्याकडेची द्राक्षे लोक चोरून खात. म्हणून मळेवाले वेलांवर मोरचूद आणि चुना मारीत. १८८२ साली मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने पाहिले की त्याच वेलांना रोग नाही. १८८५ साली त्यांनी ते औषध जगाला सांगितले.

४. मावा : हे हिरवे बारीक किडे कोवळ्या शेंड्यावर व कळीखाली दाटीने बसून रस शोषतात. त्यांच्या अंगातून गोड चिकट पाणी निघते. ते खायला मुंग्या येतात. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसली की पाने उलटून बघावी. जोराने पाणी मारले तर मावा खाली पडतो. तरी राहिला तर निंबोळी अर्क मारावा. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवावी, गाळावी आणि एक लिटर पाणी करून त्यात थोडा साबण घालावा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला छोटा ढालकिडा दिसला तर त्याला मारू नये. तो मावा खातो.

५. खवले कीड : काडीवर तपकिरी खवले चिकटलेले दिसतात. जुन्या दातघाशीच्या ब्रशने साबणाच्या पाण्यात घासून ते काढावे. फार झाले असतील तर ती फांदी कापून जाळावी.

रोग येऊच नये म्हणून झाड उंचवट्यावर लावावे. मुळाशी पाणी तुंबू देऊ नये. पाणी सकाळी आणि बुंध्याशीच घालावे, पानांवर नको. रोज पाच-सहा तास ऊन मिळावे.

आता पालकांना एक विनंती. गंधक, मोरचूद आणि दुकानातले विषारी औषध मोठ्यांनीच हाताळावे, तोंडाला फडके बांधावे, वारा असेल तेव्हा फवारू नये. डबा मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नये. आम्ही मुले फूल दिसले की आधी वास घेतो आणि लहान मुले तर पाकळ्या तोंडात घालतात. गुलकंदाच्या गुलाबावर तर विषारी औषध मारूच नये. रोग कळला नाही तर रोगट पान घेऊन गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवावे आणि मगच औषध आणावे.

— इयत्ता ४ थी