लांब ढांग की चलाख पाऊल

माणूस किती वेगाने धावतो, हे दोनच गोष्टींवरून ठरते : एका मिनिटात तो किती पावले टाकतो आणि प्रत्येक पावलागणिक किती अंतर कापतो. या दोहोंचा गुणाकार म्हणजेच त्याचा वेग. हिशेब इतका सरळ दिसत असल्यामुळेच की काय, त्याचा अर्थ लावताना बहुतेक नवशिक्यांची गफलत होते. वेग वाढवायचा म्हणजे ढांग लांब टाकायची, आणि ढांग लांब टाकायची म्हणजे पाय शक्य तितका पुढे फेकायचा, अशी त्यांची सहज समजूत असते. आणि पहाटेच्या वेळी कोणत्याही शहरातल्या मैदानाच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले, तर या समजुतीचा परिणाम डोळ्यांना दिसण्याआधी कानांना ऐकू येतो. काहींचे पाऊल अगदी हलके, जेमतेम चाहूल लागेल इतके. आणि काहींचे असे धप् धप् आदळणारे, की ते येत असल्याची वर्दी वीस हातांवरून मिळावी. त्या आवाजातच त्यांच्या वाया जाणाऱ्या श्रमाचा बराचसा भाग असतो.

असे का होते, हे पाहण्यासाठी एकच पाऊल निवांतपणे न्याहाळले पाहिजे. धावताना प्रत्येक पावलात एक क्षण असा येतो की दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले असतात आणि सारे शरीर अधांतरी पुढे जात असते. चालणे आणि धावणे यांतला मुख्य भेद तो हाच. या अधांतरी अवस्थेतून खाली येणारा पाय जमिनीला नेमका कुठे टेकतो, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. तो कमरेच्या जवळपास खाली, गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीत टेकला, तर शरीर त्याच्यावरून फारसे न अडखळता पुढे सरकते. परंतु तोच पाय गुडघा जवळजवळ ताठ ठेवून, कमरेच्या पुष्कळ पुढे, टाचेवर आपटला, तर जमिनीची प्रतिक्रिया शरीराला केवळ वर उचलत नाही, तर मागेही रेटते, आणि अशा रीतीने मोठ्या कष्टाने मिळवलेला वेग ज्या पायाने वाढवायचा तोच पाय तो अडवू लागतो. थोडा अडथळा प्रत्येक पावलाच्या पूर्वार्धात अटळच असतो आणि उत्तरार्धातल्या रेट्याने त्याची भरपाई होते. पण पाय जितका पुढे, तितकी ही तूट मोठी आणि ती भरून काढण्यासाठी मांड्यांना व नितंबांना होणारे श्रमही तितकेच अधिक. शिवाय धावताना एका पायावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक असतो, हेही ध्यानात घ्यावे. ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन चार तासांत पुरी करणारा धावपटू मिनिटाला १७० पावले टाकत असेल, तर त्याची एकूण पावले ४०,८०० भरतात. एका पावलातली क्षुल्लक वाटणारी उधळपट्टी इतक्या वेळा गिरवली म्हणजे ती क्षुल्लक राहत नाही.

यावर कोणी उसेन बोल्टचा दाखला देईल, आणि तो दाखला खरोखरच विचार करण्याजोगा आहे. २००९ साली बर्लिन येथे १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापून त्याने जो विश्वविक्रम प्रस्थापित केला, त्या धावेत त्याची पावले सुमारे ४१ होती. म्हणजे सरासरी एका पावलात जवळजवळ २.४४ मीटर. मग लांब ढांग हेच वेगाचे मर्म नव्हे काय? ढांग लांब होती, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की ती कशाने लांब झाली. अमेरिकी संशोधक पीटर वेयंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले, की अतिवेगवान धावक आणि सामान्य धावक आपापल्या कमाल वेगाने धावत असता हवेतला पाय मागून पुढे आणायला जवळजवळ सारखाच वेळ घेतात. अंतर पडते ते जमिनीवर दाब देण्याच्या सामर्थ्यात. जो अधिक जोराने जमीन दाबतो, त्याला जमीन अधिक जोराने उसळवते, आणि त्या उसळीत शरीर अधिक दूर जाते. खरी लांबी अशी पायाच्या मागे निर्माण होत असते. ती स्नायूंच्या बळाने आणि वर्षानुवर्षांच्या मेहनतीने कमवावी लागते. पाय पुढे ताणून ती उसनी आणता येत नाही.

या उसळीत शरीराची एक विलक्षण सोय दडलेली आहे, आणि धावण्याच्या साऱ्या शास्त्रात मला तीच सर्वांत मनोरम वाटते. पोटरीला टाचेशी जोडणारा जाड स्नायुबंध आणि तळपायाची कमान ही दोन्ही, पाऊल टेकताच गलोलीच्या रबरासारखी ताणली जातात आणि पाऊल उचलताना साठवलेली शक्ती बहुतांशी परत देतात. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मॅक्नील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडलेल्या हिशेबानुसार, ७० किलो वजनाच्या माणसाच्या मध्यम वेगाच्या धावण्यात एका पावलात सुमारे १०० ज्यूल ऊर्जेची उलाढाल होते, आणि तीपैकी सुमारे ३५ ज्यूल तो स्नायुबंध, तर १७ ज्यूल तळपायाची कमान साठवून ठेवते. म्हणजे निम्मी उलाढाल, प्राणवायूचा फारसा खर्च न होता, आपोआप भागते. मात्र ही ठेव अल्प मुदतीची आहे. पाऊल जमिनीवर रेंगाळले, की साठवलेल्या शक्तीचा अंश उष्णतेच्या रूपाने निघून जातो. म्हणून पाऊल चटकन टेकून चटकन उचलण्यात हशील आहे.

येथे पावलांच्या लयीचा, म्हणजे धावपटू ज्याला केडन्स म्हणतात त्याचा, प्रश्न येतो. १९८४ सालच्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये नामांकित प्रशिक्षक जॅक डॅनियल्स व त्यांच्या पत्नी यांनी प्रेक्षागारात बसून ८०० मीटरपासून मॅरेथॉनपर्यंतच्या शर्यतींतील धावपटूंची पावले चिकाटीने मोजली. मोजलेल्या ४६ जणांपैकी केवळ एकाची पावले मिनिटाला १८० हून कमी भरली, आणि तीही १७६ होती. या साध्या निरीक्षणातून १८० हा आकडा जगभर पसरला आणि पाहता पाहता त्याला फर्मानाचे रूप आले. आज मनगटावरच्या घड्याळात १६२ दिसले की कित्येकजण खट्टू होतात. माझ्या मते यात त्या निरीक्षणावरही अन्याय होतो आणि धावणाऱ्यावरही. ते धावपटू ऑलिंपिकच्या दर्जाचे होते आणि शर्यतीच्या वेगाने धावत होते; वेग वाढला की लयही काही अंशी वाढतेच. उंच, लांब पायांचा, सावकाश धावणारा पन्नाशीचा गृहस्थ त्याच आकड्याला कशासाठी बांधला जावा?

उलट, पीटर कॅव्हॅना आणि कीथ विल्यम्स यांनी १९८२ साली सराव असलेल्या धावपटूंना एकाच वेगावर वेगवेगळ्या लांबीची पावले टाकायला लावून त्यांचा प्राणवायूचा वापर मोजला, तेव्हा असे आढळले की बहुतेकांनी स्वतःहून स्वीकारलेली ढांगच त्यांच्या पुरती सर्वांत काटकसरीची, किंवा तिच्या अगदी जवळची होती. तीहून लांब टाकली तर खर्च वाढतो, कारण अडथळा वाढतो. फार आखूड टाकली तरीही वाढतो, कारण पाय पुन्हा पुन्हा पुढे आणण्यालाही शक्ती लागते. शरीर हे मधले स्थान दीर्घ सरावाने आपले आपण शोधून काढते. पण ज्याला सराव नाही, किंवा ज्याने हट्टाने पाय पुढे फेकण्याची सवय लावून घेतली आहे, त्याची ढांग सहसा लांबीच्या बाजूला कललेली असते, आणि म्हणूनच त्याला लयीचा उपाय लागू पडतो. २०११ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात ब्रायन हायडरशाइट यांनी ४५ निरोगी हौशी धावपटूंवर केलेल्या अभ्यासात, वेग तोच ठेवून पावलांची संख्या अवघी ५ टक्क्यांनी वाढवली असताही गुडघ्याला शोषून घ्यावा लागणारा भार कमी झाल्याचे दिसले. १० टक्क्यांच्या वाढीत कमरेच्या सांध्यालाही उसंत मिळाली. गुडघेदुखीने बेजार झालेल्या धावपटूंना हा निष्कर्ष मोठ्या दिलाशाचा आहे.

करून पाहण्याची रीत अवघड नाही. नेहमीच्या आरामशीर वेगाने धावताना अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजावे आणि त्या संख्येला चाराने गुणावे. ती ४० आली, तर लय १६० ची. तिच्यात ५ टक्के मिळवले की १६८ होतात. भ्रमणध्वनीवरच्या मेट्रोनोमचा ठोका तेवढ्यावर लावून दोन-तीन मिनिटे त्याच्याशी पावले जुळवावीत, पुन्हा आपल्या चालीवर यावे, आणि असे काही आठवडे करावे. वेग मात्र वाढू देता कामा नये, नाहीतर धाप लागते आणि दोष लयीला दिला जातो. सुरुवातीला ही दुडकी चाल परकी वाटते, पोटऱ्या दुखतात. दुखणे दुसऱ्या दिवशीही कमी झाले नाही, तर सराव निम्म्यावर आणावा. आणि ज्याचे पाऊल मुळातच कमरेखाली हलके पडते, ज्याला कसली दुखापत नाही, त्याने यातले काहीच केले नाही तरी चालेल.

घाटात ही विद्या विशेष उपयोगी पडते. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना सपाटीवरची ढांग राखण्याचा आग्रह धरणाऱ्याची माथा गाठेपर्यंत दमछाक होते. लय तीच ठेवून ढांग आखूड करणारा मात्र शाबूत राहतो. परतीच्या उतारावर मोह उलटा असतो. तेथे पाय आपसूक पुढे पडू लागतो, प्रत्येक टाच शरीराला अडवते, आणि मांड्यांची खरी दैना चढावर होत नाही, तर या उतारावर होते.

परंतु लय आणि ढांग यांच्या मेळाची सर्वांत कठोर परीक्षा पाहायची, तर ३,००० मीटर स्टीपलचेस पाहावी. पुरुषांच्या या शर्यतीत ९१.४ सेंटीमीटर उंचीचे २८ अडथळे आणि त्याशिवाय ७ वेळा पाण्याची उडी असते. गर्दीतून धावत असता प्रत्येक अडथळ्याच्या कित्येक पावले आधीच ढांग अशी बेताने जुळवावी लागते, की उडीचे पाऊल योग्य जागी पडावे आणि ऐनवेळी आखडते घ्यावे लागू नये. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ही शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पुरी करून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक जिंकणारा केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढे अवघ्या ०.०५ सेकंदाने होता. साबळेच्या त्या शर्यतीतील सरासरी वेगाने हे अंतर सुमारे ३० सेंटीमीटर भरते. ३५ अडथळ्यांपैकी कोणत्याही एकापुढे एकच पाऊल आखडले, तरी एवढे अंतर सहज हातचे जाते.