युद्धनौका असूनही जहाजं केपला का वळली?

26 जानेवारी 2024च्या रात्री एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या नाफ्ता वाहणाऱ्या टँकरवर येमेनमधल्या हूथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र आदळलं. टँकरवर 22 भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी होते. ‘आयएनएस विशाखापट्टणम’चं दहा जणांचं पथक मदतीला चढलं आणि सहा तासांच्या झुंजीनंतर आग आटोक्यात आली. नौदलाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण या भागात अमेरिका-ब्रिटनसह अनेक देशांच्या युद्धनौका गस्त घालत असतानाही क्षेपणास्त्र टँकरपर्यंत पोहोचलंच.

एडनच्या आखाताला तांबड्या समुद्राशी जोडणारी बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 30 किलोमीटर आहे. येमेनच्या डोंगरांतून क्षेपणास्त्र सुटलं, की युद्धनौकेच्या हाती फारच थोडा वेळ उरतो. अमेरिकी विनाशिकेवर क्षेपणास्त्रांसाठी नव्वदेक नळकांडी असतात. ती रिकामी झाली, की भर समुद्रात भरता येत नाहीत, बंदर गाठावं लागतं. काही हजार डॉलरच्या ड्रोनवर वीस लाख डॉलरचं क्षेपणास्त्र खर्च होतं, याची चर्चा फार झाली. मला नळकांड्यांचा हिशेब जास्त गंभीर वाटतो, कारण पैसा उभा करता येतो, पण बंदराकडे गेलेल्या नौकेची जागा रिकामीच राहते.

शिवाय या वाटेने जायचं की नाही, हे नौदल ठरवत नाही. युद्धजोखमीचा विमा जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्यापर्यंत चढला. दहा कोटी डॉलरच्या जहाजाला एका फेरीचे दहा लाख! दहाबारा दिवस जास्त लागले तरी चालतील, पण केप ऑफ गुड होपमार्गे आफ्रिकेला वळसा घालू, असं मोठ्या कंपन्यांनी ठरवलं ते यामुळे.

चाच्यांची गोष्ट वेगळी. मार्च 2024मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ हे अपहृत जहाज सोडवलं. 35 चाचे शरण आले, 17 खलाशी सुखरूप सुटले. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. चाच्याला खंडणीसाठी जहाजावर चढावंच लागतं, त्यामुळे तो हाती लागतो. क्षेपणास्त्र डागणारा समुद्रावर येतच नाही.

त्याला जमिनीवर गाठायला अमेरिकेने 2025च्या मार्चपासून आठवडेच्या आठवडे बॉम्ब टाकले. मे महिन्यात ओमानच्या मध्यस्थीने समझोता झाला. जुलैत हूथींनी ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन मालवाहू जहाजं बुडवली. ‘इटर्निटी सी’वरचे काही खलाशी मारले गेले, काहींना ओलीस नेलं. मेमधला समझोता अमेरिकी जहाजांपुरता होता. ग्रीक कंपन्यांची ही जहाजं आणि त्यांवरचे फिलिपिनो खलाशी त्यात नव्हते.