बाळाला घेऊन मेंढपाळ मामाकडे

पालकमित्रांनो, समजा तुमचं घर पुण्यात मंडईजवळ आहे आणि बाळाचा मामा फलटणकडे मेंढरं राखतो. मग भेटीला कधी जायचं? दिवाळीनंतर बरेच धनगर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात. तिथला मुसळधार पाऊस मेंढरांना सोसत नाही, म्हणून पावसाळ्याआधी परततात. तेव्हा पावसाळ्यात गेलात तर मामा गावीच भेटण्याची शक्यता जास्त.

आता बाळाचं बघू. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. मामी मायेनं धारोष्ण दूध पुढे करेल, मधाचं बोटही चाटवेल. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय असे जनावरांचे आजार माणसाला होऊ शकतात. दूध नीट उकळलं की हे जंतू मरतात. मधाचं तसं नाही. त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात, ते साध्या उकळण्यानं मरत नाहीत आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढू शकतात. म्हणून वर्षभर मध नकोच.

कोकराला हात लावू द्या, मग साबणानं हात धुवा.

मामीला वाईट वाटेल? म्हणा, "वहिनी, दूध तापवून मलाच द्या. बाळाला माझ्याकडूनच पोचेल!"